बाबांच्या कॉम्प्युटरवरचे पहारे

आईच्या तेराव्याचे पाहुणे गेले, त्याच दिवशी मी बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम बसवला. बाबा मागे परसात बंब पेटवत होते. दहा मिनिटांचं काम होतं. त्या प्रोग्राममुळे मुरबाडला बसून मला माझ्या मोबाइलवर बाबांचा पडदा दिसणार होता. बसवताना त्याने विचारलं, की मी आहे हे समोरच्याला दिसू द्यायचं की नाही. मी ‘नाही’वर बोट ठेवलं.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते तिथून झालं.

बाबांना मी एवढंच म्हणाले होते, की काही अडलं तर फोन करा, मी तिकडूनच नीट करून देईन. ते ‘बरं’ म्हणाले. त्यांना वाटलं, मी फोनवरून तोंडी सांगणार; मला पडदा दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सगळी नोकरी डोळखांबच्या पुढच्या पाड्यांवर काढली आणि तिथल्याच एका गावात घर बांधलं. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, दोन बोटांनी टायपिंग शिकले, आणि पाड्यावरच्या लोकांचे अर्ज भरून द्यायला लागले. जातीचा दाखला, रेशनकार्डातलं नाव, पोरींच्या वसतिगृहाचा फॉर्म. लोक वीटभट्टीवर जातात तेव्हा कागद हरवतात, छप्पर गळलं की भिजतात. म्हणून बाबा प्रत्येक कागद स्कॅन करून ठेवत. एकेका घराचं एकेक फोल्डर. त्या लोकांची घरची बोली बाबांना त्यांच्याइतकीच येत असे. मला ती समजते, पण बोलता येत नाही.

मी लग्न होऊन मुरबाडला आले होते आणि तिथल्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला होते. आई असताना घरची खबर आईकडून मिळायची. आता बाबा एकटे होते, आणि त्यांच्या गावात मोबाइलला रेंज फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात. फोन वाजत राहायचा. मग मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडून बघायची. बाबांच्या नावापुढे हिरवा ठिपका असला की कॉम्प्युटर चालू, म्हणजे बाबा ठीक. ते कोणाचा तरी फॉर्म भरत असायचे, नाहीतर पत्ते खेळत असायचे. मी दोन घास खायची, बंद करायची. यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. बरंच वाटायचं.

पावसाळ्यात पंचायतीत कुणी अधिकारी येऊन ऑनलाइन चोरीवर बोलून गेले. कॉम्प्युटरमध्ये हेर बसतात, तुम्ही काय टाइप करता ते वाचतात, कागद पळवतात, असं त्यांनी सांगितलं. बाबा पहिल्या रांगेत होते. घरी आल्यावर त्यांना त्या फोल्डरांची काळजी लागली. दुसऱ्या दिवशी ते शहापूरला गेले आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडून हेर शोधणारा एक प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन आले.

त्याचं चिन्ह हिरव्या ढालीचं होतं. बाबा त्याला हिरवाच म्हणायचे. पहिल्याच दिवशी हिरव्याने बरंच काही शोधून दाखवलं. वेबसाइटी आपली खूण म्हणून ज्या बारक्या फायली ठेवून जातात, त्यातल्याच बहुतेक, निरुपद्रवी. पण पडद्यावर लाल अक्षरात आलं आणि बाबा घाबरले. एवढे चोर घरात होते आणि मला पत्ता नाय, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मग त्यांनी दुसरा आणला, निळा. निळ्याने हिरव्यालाच संशयित ठरवलं. हिरव्याने पकडून कोंडून ठेवलेलं निळ्याला सापडायचं, आणि तो नव्याने ओरडायचा. दोघे एकाच वेळी एकच फाइल तपासायला धरायचे आणि मशीन गोठायचं. कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं लागायची, तिथे वीस लागायला लागली. फॉर्मसाठी आलेली माणसं ओट्यावर बसून राहायची.

मी बाबांना सांगितलं की दोन ठेवू नका, ते एकमेकांत भांडतात, एकच ठेवा. हे खरंच होतं. ऑफिसातले लोकही हेच सांगतात. कुठला ठेवू, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हिरवा म्हणाले. तो चांगला म्हणून नाही. दोघांच्याही तपासणीचे निकाल मी इकडून पाहिले होते. माझा प्रोग्राम हिरव्याला दिसतच नव्हता. निळा मात्र कधीतरी त्याच्यापाशी अडखळायचा आणि ‘माहीत नाही’ म्हणून सोडून द्यायचा.

बाबांनी ऐकलं नाही. “एकाच्या बोलण्यावर कसं ऱ्हायचं गो? पेपर तपासायला आमी दोन मास्तर बसवायचो,” असं म्हणाले. दोन्ही ठेवले.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारी कँटीनमध्ये मी मोबाइल उघडला. बाबा काहीतरी शोधत होते. एकेक अक्षर उमटत होतं. ‘लघवीतून’ असं आलं. मग बराच वेळ काही नाही. मग ‘रक्त’. मग त्याच्यापुढे, ‘दुखत नाही’.

त्यांनी एक पान उघडलं, वाचलं. दुसरं उघडलं. मग सगळं बंद केलं आणि आपण काय शोधलं त्याची यादी काढून तीही पुसली. हे पुसायला मीच त्यांना शिकवलं होतं, मशीन हलकं होतं म्हणून.

मी संध्याकाळी फोन केला. तब्येत कशी आहे, विचारलं. ठणठणीत, म्हणाले. कापणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत, असं सांगत बसले. मी म्हणाले की आमच्या कंपनीत तपासणीचं शिबिर आहे, घरच्यांनाही नेता येतं, या दोन दिवस. असं शिबिर नव्हतंच. ते म्हणाले, कापणी झाल्यावर बघू. रविवारी मी स्कूटीवरून किन्हवलीमार्गे गावी गेले. बाबांचा डबा करणाऱ्या शेजारच्या काकूंना आडून विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं. बाबा समोर बसले होते, थोडे वाळलेले. मी म्हणाले, एकदा लघवी-रक्त तपासून घ्या, या वयात करतात. लघवी शब्दावर त्यांनी मान फिरवली आणि काकूंना चहाचं सांगायला उठून गेले. आई असती तर तिला सांगितलं असतं त्यांनी. मुलीला कसं सांगणार.

मी एका वाक्यात ते थांबवू शकले असते. बाबा, तुम्ही काय शोधलंत ते मी पाहिलं, चला माझ्याबरोबर. पण मग कसं पाहिलंस, हे आलं असतं. मी ते वाक्य गाडीवर जाताना ठरवलं होतं. ते तसंच परत घेऊन आले.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी पुन्हा तेच शोधलं. या वेळी ‘परत येते’ असं जोडून. मी पुन्हा फोन केला, पुन्हा इकडचं तिकडचं बोलले. माझ्या नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी बाबांना गाडीत घातलं असतं.

होळी झाली आणि बाबा शहापूरहून तिसरा घेऊन आले. लाल. हिरवा आणि निळा एकमेकांविरुद्ध सांगतात, तर निकाल कोणी द्यायचा, म्हणून तिसरा. तीन एका मशीनवर चालायला लागले तेव्हा कॉम्प्युटर सकाळी सुरू करून बाबा आंघोळ, पूजा उरकून यायचे, तरी पडदा पुरता आलेला नसायचा. माउस हलवला की बाण मागून यायचा. पण लालने पहिल्या फेरीतच माझा प्रोग्राम पकडला.

बाबांचा फोन आला. ते ओट्याच्या कोपऱ्यात उभे राहून, कागदावर उतरवून घेतलेलं मला वाचून दाखवत होते. लांबून पडदा बघण्याचं साधन. लपवलेलं. आणि बसवल्याची तारीख. तेरा महिने झालेत, असं त्यांनी स्वतःच हिशेब करून सांगितलं. तारीख तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी, तेव्हा घरात किती माणसं येऊन गेली होती.

“काय असल गो हे?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, हे प्रोग्राम चुकूनही दाखवतात, तीन तीन ठेवल्यावर असंच होणार, सोडून द्या.

“सोडू कसा? लोकांचे कागद हायेत त्यात.”

त्यांनी ते काढून टाकलं. दुपारी माझ्या मोबाइलवर त्यांच्या नावापुढचा ठिपका राखाडी झाला. मला आठवतं, मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आता सांगायचं काही राहिलं नाही, असं.

त्या दिवसापासून बाबांनी अर्ज भरणं बंद केलं. आलेल्या माणसाला ते शहापूरच्या केंद्रात जायला सांगायचे. कॉम्प्युटरवर आईची जुनी साडी घालून ठेवली. आणि त्यांनी आणखी एक केलं, ते मला काकूंकडून उशिरा कळलं. उन्हात, पायी, ते पाड्यावर घरोघर गेले. ज्या ज्या घराचे कागद त्यांच्याकडे होते त्या त्या घरात जाऊन, त्यांच्या बोलीत सांगितलं की माझ्या मशीनमधून तुमचे कागद कोणीतरी वर्षभर बघितले, मी जपायला पाहिजे होते, जपले नाहीत. भट्टीवर गेलेल्यांच्या घरांना कुलुपं होती. तिथे शेजाऱ्यांजवळ निरोप ठेवला. काकू म्हणाल्या, वाटेत दोनदा बसले होते, चेहरा पांढरा पडला होता.

हे ऐकूनही मी त्यांना सांगितलं नाही. मला वाटलं, आता सांगून काय, त्यांना आणखी त्रास. असं वाटणं फार सोयीचं असतं.

मेअखेरीला काकूंचा फोन आला की गुरुजींना लघवी होत नाही, तळमळतायत. शहापूरच्या दवाखान्यातून त्यांना ठाण्याला पाठवलं. नळी घातली, पिशवीत लालभडक आलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, रक्त कधीपासून जातंय.

“आठ दिस झाले असतील,” बाबा म्हणाले.

मी पलंगाच्या पायाशी उभी होते. मी म्हणाले, “नाही. दिवाळीच्या आधीपासून.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा माझ्याकडेच बघत होते. डॉक्टरांनी लिहून घेतलं, सोनोग्राफीचं सांगितलं आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

बाबांनी त्या लांब जाईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, “तुला कुणी सांगितला? मी तं कुणाला बोललो नाय.”

मी सगळं सांगितलं. बंब पेटवत होते तिथपासून. शिबिर खोटं होतं तेही. लालने पकडलं ते मीच होते, हेही. सांगताना मी पिशवीकडे बघत होते.

त्यांनी पहिलं विचारलं ते हे: “म्हंजे लोकांचे कागद दुसऱ्या कोणी नाय बघितले?”

नाही, म्हणाले. मीच.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण ते म्हणाले, “तू बघितला आणि बोलली नाय. ता बोलायचा होता गो.”

एवढंच. रागावले असते तर मला रडता तरी आलं असतं.

मूत्राशयाचा कॅन्सर होता आणि तो भिंतीच्या बाहेर गेला होता. ऑपरेशन झालं. आधी आला असतात तर आतून खरवडून भागलं असतं, असं त्या डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या. त्या काही दोष द्यायला म्हणत नव्हत्या. पुढचं काय ते समजावं म्हणून सांगत होत्या.

भाताच्या आवण्या उरकल्या तेव्हा बाबा थोडे हिंडू लागले होते. पोटाला लघवीची पिशवी लावलेली, वर सैल सदरा. एके दिवशी म्हणाले, पाड्यावर जाऊ, जे मी चुकीचं सांगून आलो ते फिरवायला पाहिजे. मी म्हणाले, मी एकटी जाऊन सांगते. त्यांनी नको म्हटलं. वरपर्यंत रिक्षा केली आणि तिथून त्यांना धरून नेलं. प्रत्येक अंगणात त्यांना बसायला बाज टाकली जायची. ते बसायचे आणि मला म्हणायचे, सांग. मी माझ्या मराठीत सांगायची. तुमचे कागद चोराने पाहिले नाहीत, मी पाहिले, यांची मुलगी, यांना न सांगता. मग बाबा तेच त्यांच्या बोलीत पुन्हा सांगायचे. ते ऐकताना मला वाटायचं, खरं सांगणं आत्ता कुठे झालं.

एका घरचा म्हातारा हसून म्हणाला, पोरीने बापाचं बघितलं, त्यात काय झालं गुरुजी. बाबा म्हणाले, नाय, ते बरोबर नाय.

शेवटच्या घरात एक बाई होती, माझ्याच वयाची. तिचा नवरा भट्टीवरून आलाच नव्हता, तिकडेच दुसरं घर केलं म्हणत. तिची मुलगी बारावी झाली होती. बाबा होळीनंतर सांगून गेल्यावर तिने धास्ती घेतली आणि मुलीचे कागद कोणाच्याच हातात दिले नाहीत, ना केंद्रात, ना शाळेत. वसतिगृहाच्या फॉर्मची मुदत गेली. मुलगी घरी होती, चुलीपुढे नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. मी माझं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं. बाबांनी मुलीला विचारलं, टक्के किती पडले. तिने सांगितले, चांगले होते. बाबा म्हणाले, पुढच्या साली भर. मुलीने तव्यावरची भाकरी उलटली.

घरी आल्यावर बाबांनी कॉम्प्युटरवरची साडी काढली. अर्ध्या तासाने तो सुरू झाला. तिन्ही ढाली कोपऱ्यात आल्या, तिघांनी एकमेकांविरुद्ध सूचना दिल्या. मी म्हणाले, दोन काढून टाकू? बाबा म्हणाले, ऱ्हाऊ दे, तू बाहेर बस. मी ओट्यावर बसले. आतून माउसचा आवाज येत होता, मध्ये लांब थांबे. त्यांनी एकेक फोल्डर पुसलं. माणसं मोठी झाली, त्यांचे कागद त्यांच्याजवळ असू देत, असं बाहेर आल्यावर म्हणाले. त्यांचा सदरा घामाने भिजला होता.

त्यानंतर ते माझ्याकडे मुरबाडलाच होते. आजाराचं ते मला सगळं सांगायचे. रंग कसा आहे, किती आलं, कुठे दुखतं. न विचारता, सरळ, एखाद्या डॉक्टरला सांगावं तसं. मला ते ऐकणं जड जायचं. मार्गशीर्षात ते गेले. मी त्यांची माफी मागितली होती की नाही, हे मला नीट आठवत नाही. मागितली असेल. त्यांनी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, म्हणजे बहुधा दिलं नाही.

पुढच्या जूनमध्ये घर आवरायला मी गावी होते. ती पाड्यावरची बाई मुलीला घेऊन आली. बाईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते. केंद्रात दोन दिवस नंबर लागला नाही, आणि उद्या मुदत संपते, म्हणाली. मी कॉम्प्युटर लावला. तो सुरू होईपर्यंत आम्ही तिघी बसून राहिलो. फॉर्म उघडला तेव्हा मी कागदांसाठी हात पुढे केला.

बाईने पिशवी छातीशी धरली. भांडायच्या सुरात नाही, अगदी सहज म्हणाली, “तू लिही. कागद तिच्या हातात ऱ्हाऊ दे, ती वाचंल.”

मुलीने पिशवीतून पहिला कागद काढला, माझ्याकडे पाठ होईल असा धरला आणि सावकाश वाचायला लागली. मी टाइप करत गेले. जिथे फोटो आणि दाखला चढवायचा होता तिथे मी खुर्चीवरून उठले, मुलीला बसवलं आणि कुठलं बटण ते सांगून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.